जुनी इमारत उतरवून देणारी माधवनगर रस्त्यावरची वखार: आमच्या पतसंस्थेचा अनुभव

“चार दिवसांत जागा मोकळी करून देतो, वर तुम्हालाच ८० हजार देतो.” पहिल्या ठेकेदारानं असं सांगितलं तेव्हा संचालक मंडळातल्या बहुतेकांनी माना डोलावल्या. सांगलीच्या गणपती पेठेतली आमच्या पतसंस्थेची इमारत पाडायची हे ठरलेलंच होतं. २००५, २०१९ आणि २०२१, तीन महापूर तिनं अंगावर घेतले होते. भिंतींना कायमची ओल, मागच्या बाजूच्या स्लॅबचे गज उघडे पडलेले, आणि पावसाळा तोंडावर आला की आमची सगळं रेकॉर्ड वरच्या मजल्यावर न्यायची धांदल. कुणी पाडून देऊन वर पैसेही देत असेल तर नको कशाला म्हणायचं, असा एकूण सूर होता.

मी एवढंच विचारलं की हे ८० हजार कशाचे. “सगळा माल आमचा,” ते म्हणाले. माल म्हणजे काय काय, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि आमच्यातल्या एकालाही सांगता आलं नाही. २९ वर्षं मी त्या इमारतीत बसले, शेवटची ११ वर्षं व्यवस्थापक म्हणून. टेबल, खुर्ची, पंखा, तिजोरी, प्रत्येकाला डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नंबर आहे. डोक्यावरच्या तुळयांना नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या शिपाई मामांना घेतलं आणि टेप, वही घेऊन दोघं दिवसभर फिरलो. सागवानी तुळया ११. खांब ८. दारं १४, खिडक्या २२, बहुतेकांना पितळी कड्या. वरच्या मजल्याची जमीन कडीपाटाची, म्हणजे लाकडाच्या आडव्या कड्यांवर फळ्या ठोकलेली. तळमजल्यावर शहाबादी फरशी, माडीवर मंगलोरी कौलं, आणि दर्शनी भिंतीला सहा लोखंडी गर्डर. मामा म्हणाले, “मॅडम, हे सगळं जेसीबीच्या एका दणक्यात जाणार व्हय?” त्या रात्री मला झोप लागली नाही.

माधवनगर रस्त्यावरच्या वखारीचं नाव मैत्रिणीकडून कळलं. नाव म्हणजे खरं तर नावच नाही, पाटी लावलेली नाही. पत्र्याचं मोठं शेड आहे, बाहेर चौकटी उभ्या करून ठेवलेल्या असतात, आणि आसपास कुणालाही “चाचांची वखार” म्हटलं की हात करून दाखवतात. मैत्रिणीच्या माहेरचा वाडा त्यांनीच उतरवला होता. ‘उतरवला’ हा शब्द तिचाच, आणि चाचाही तोच वापरतात. पाडणं वेगळं, उतरवणं वेगळं. घर जसं चढवत नेलं त्याच्या उलट क्रमानं एकेक वस्तू सुटी करून खाली आणायची, याला ते उतरवणं म्हणतात.

चाचा सत्तरीचे असतील. पाहणीला आले ते हातात एक दाभण घेऊन. पोती शिवायचं, तेच. मला वाटलं टेपानं मोजतील, भाव सांगतील. ते सरळ खांबाच्या बुंध्याशी बसले आणि दाभण लाकडात दाबलं. दोन बोटं आत गेलं. मग वीतभर वर, परत दाबलं, थोडं कमी गेलं. असं करत करत कमरेच्या वर आले तिथं दाभण टेकलं आणि थांबलं, अंगठा लाल होईपर्यंत दाबूनही आत जाईना. “इथनं वर सोनं आहे ताई,” ते म्हणाले. त्या खांबावर आम्ही पुराच्या खुणा केल्या होत्या. २००५ ची कमरेला, २०२१ ची छातीला, २०१९ ची माझ्या डोक्याच्याही वर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे, २०१९ ला पाणी ५७ फुटांच्याही वर चढलं होतं, हे सांगलीकरांना सांगायला नको. दाभण थांबलं ते २००५ च्या खुणेच्या आसपास. त्याच्या खालचं लाकूड तिन्ही वेळा पाण्यात राहिलं होतं आणि त्यानंतरही जमिनीतली ओल पीत होतं.

असं करत त्यांनी सगळी इमारत टोचून पाहिली. सागाचा आतला तांबूस गाभा वाळवी सहसा खात नाही, बाहेरचा पांढरट भाग मात्र खाते, म्हणून कडेनं खाल्लेली कडी आतून ठणठणीत निघू शकते, हे मला त्या दिवशी कळलं. मग खडूनं खुणा. गोल म्हणजे पुन्हा वापरता येईल, फुली म्हणजे सरपण, आणि तिसरी खूण त्रिकोणाची. तो कशाचा, म्हणून विचारलं. “विकून फार येणार नाही, पण गरजवंताच्या घरात आणखी तीस वर्षं चालेल,” ते म्हणाले. दानाचा विषय माझ्या डोक्यात होता, पण त्यासाठी खडूची खूण त्यांच्याकडं आधीच असेल असं वाटलं नव्हतं.

व्यवहार असा ठरला: मजुरी आम्ही रोजानं द्यायची, माल आमचा. त्यातलं लाकूड ते ठरलेल्या दरानं घनफुटावर विकत घेणार, लोखंड वजनावर. आम्ही जे दान देऊ ते बांधून गाडीत चढवून देणं त्यांच्याकडं, गाडीभाडं आमचं. मुदत २४ दिवस.

आता हिशोब आधीच सांगते, कारण आमच्या मंडळातही पहिला प्रश्न तोच होता. नऊ माणसं, ३१ दिवस, रोज ७५० रुपये, म्हणजे मजुरी २,०९,२५०. राडारोडा वाहायला ट्रॅक्टर ३८,०००. सिमेंटच्या पत्र्यांच्या विल्हेवाटीचे १४,०००, त्याबद्दल पुढं लिहिते. गर्डर उतरवायला हायड्रा क्रेन ८,७५०. एकूण खर्च २ लाख ७० हजार. जमा बाजूला ११८ घनफूट सागवान १,९०० नं, २,३०० किलो लोखंड ३८ नं, आणि नऊ हजार साफ विटा चार रुपयांनी. बेरीज ३,४७,६००. हातात राहिले ७७,६००. पहिला ठेकेदार ८० हजार देत होता. म्हणजे रोखीत आम्ही २,४०० रुपये मागं आणि महिनाभर उशिरा. पण या हिशोबात आम्ही दान दिलेलं काहीच नाही: जतच्या शाळेच्या खिडक्या नाहीत, तीन घरकुलांची दारं नाहीत, अडीच हजारांवर कौलं नाहीत. ती सगळी याच्या वर आहेत. बैठकीत मी हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले आणि खाली बसले.

काम फेब्रुवारीत सुरू झालं. वीज मीटर काढून घेणं, नळजोडणी बंद करणं, महापालिकेची पाडकामाची परवानगी, हे आम्ही आधीच उरकलं होतं. तुम्हीही आधीच उरका, नाहीतर माणसं रोज भरून नुसती बसून राहतील. पहिले दोन दिवस फक्त दारं-खिडक्या. मग कौलं.

कौलं उतरवताना मी मुद्दाम पूर्ण दिवस थांबले. आढ्यापासून सुरुवात, मग वरच्या ओळीतून खाली. एक जण रिपांवर बसून कौल सोडवतो, दुसरा परांचीवर घेतो, तिसरा खाली. शेवटच्या माणसाकडं आलं की तो बोटाच्या पेरानं त्याला एकदा ठोकतो. खणखणीत वाजलं तर डावीकडं, बद्द वाजलं तर उजवीकडं. डोळ्याला न दिसणारी भेग कानाला कळते. दीड-दोन तास ऐकल्यावर मलाही फरक कळायला लागला आणि मी जोत्यावर बसून मनातल्या मनात डावं-उजवं म्हणत होते. एका कौलाचं वजन अडीच-तीन किलो, आणि अशी ३,४०० कौलं हातोहात खाली आली. २,८५० खणखणीत निघाली. पाठीवर कारखान्यांचे ठसे होते, काही पुसट, काही कालच उठवल्यासारखे. मंगळूरला बासेल मिशननं १८६५ साली कौलांचा पहिला कारखाना काढला, त्यानंतर तिथं कारखान्यांची रांग लागली आणि ही कौलं पार देशावरच्या बाजारपेठांपर्यंत पोचली. आमच्या डोक्यावर तीन-चार वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं होती. कधी फुटली, कधी बदलली, कुणी आणली, याची एकही नोंद आमच्या दप्तरात नाही.

कौलांखालच्या रिपा, मग वासे, मग आढं, मग कडीपाटाच्या फळ्या, कड्या, आणि शेवटी तुळया. तुळई कप्पीवर दोर टाकून खाली सोडत. त्या वेळी कुणी बोलायचं नाही, फक्त एकाच माणसाचा आवाज, “सोड… सोड… थांब.” पहिल्या दोन दिवसांत माणसं टोप्या-हातमोज्यांशिवाय चढत होती. मी काम थांबवलं. चाचांना म्हटलं, हेल्मेट आल्याशिवाय वर कुणी जायचं नाही. त्यांना ते थोडं लागलं, पण दुपारपर्यंत नऊ हेल्मेटं आली. नऊ जणांतल्या सहांची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडं नोंदणीच नव्हती. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, वय १८ ते ६० मध्ये लागतं, आणि एवढं असूनही ही माणसं वर्षानुवर्षं नोंदणीबाहेर राहतात, कारण दाखला कुणी लिहून देत नाही. आमच्याकडच्या दिवसांचं पत्र मी संस्थेच्या लेटरहेडवर प्रत्येकाला दिलं. तुम्ही काम दिलंत तर तुम्हीही द्या. काम ज्यानं दिलं त्याच्याशिवाय हे कोण लिहून देणार?

जुना काउंटर हलवला तेव्हा मागच्या भिंतीला टेकवलेली एक लाकडी पाटी सापडली. पालथी होती आणि तिच्यावर पुठ्ठे ठोकलेले होते. मामांनी ओल्या फडक्यानं पुसली. संस्थेचं नाव, खाली ‘सांगली, जि. दक्षिण सातारा’. १९४९ ते १९६० आपला जिल्हा या नावानं होता, हे मी शाळेत शिकले होते, पण ते नाव रंगात लिहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. अक्षरं पिवळी, कडेला तांबडी रेघ. ‘क्षि’ चं वळण असं की आता कुणी पेंटर काढत नाही. त्या दिवशी मी सगळ्या कर्मचाऱ्यांना बोलावून घेतलं, निवृत्त झालेले दोघंही आले. जेसीबीनं ही पाटी कुणाच्या नजरेस न पडता ट्रॉलीत गेली असती.

गर्डर घासल्यावर त्यांवर उठावाची इंग्रजी अक्षरं दिसली: डॉर्मन लाँग अँड कंपनी, मिडल्सब्रो, इंग्लंड. आमच्या एका संचालकांनी सांगितलं की सिडनीचा तो प्रसिद्ध कमानीचा पूल याच कंपनीनं बांधला, १९३२ ला खुला झाला. चाचांना या नावाची ओळख जुनी. “हे लोखंड भंगारात द्यायचं नसतं,” म्हणाले आणि सहापैकी चार गर्डर एका गोदामवाल्यानं त्यांच्याकडून जसेच्या तसे नेले.

भिंतींबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण जुनी इमारत असलेल्या प्रत्येकाला हे माहीत असलं पाहिजे. आमच्या इमारतीचा पुढचा भाग चुन्यातला, मागचा भाग १९७८ ला वाढवलेला, सिमेंटमधला. चुन्यातली भिंत वरच्या थरापासून काढत आले की वीट अख्खी सुटते. चुना विटेपेक्षा मऊ, त्यामुळे ताण आला की सांधा सुटतो, वीट शाबूत राहते. दोन बायका सावलीत बसून छोट्या हातोड्यानं विटांचा चुना झाडायच्या, चार टोले घातले की वीट मोकळी. दहातल्या आठ अख्ख्या मिळाल्या. मागच्या भागात नेमकं उलटं. सिमेंटचा सांधा विटेपेक्षा घट्ट, त्यामुळे वीट फुटते, सांधा तसाच राहतो. तिथं दहातल्या दोन निघाल्या. दुसऱ्या दिवशी चाचांनीच ते थांबवलं, “यात मजुरी घालू नका ताई,” म्हणाले, आणि तो भाग ब्रेकरनं फोडून भरावाला दिला. स्वतःची रोजंदारी कमी होत असताना हे सांगणारा माणूस मला विश्वासाचा वाटला.

त्या स्लॅबमधले गज एका गावातल्या मंडळींनी मंदिराच्या सभामंडपासाठी फुकट मागितले. मी नाही म्हटलं. गंजून पापुद्रे सुटलेले गज नवीन स्लॅबमध्ये घालायचे म्हणजे ज्यांच्या डोक्यावर तो स्लॅब येणार त्यांचा जीव टांगणीला. ते भंगारातच गेले. तसंच मागच्या शेडवरच्या सिमेंटच्या पत्र्यांचं. ते जुने ॲस्बेस्टॉसचे. तुटले, कापले की त्यातले बारीक तंतू हवेत उडतात, छातीत जातात, आणि त्यातून होणारा कर्करोग कित्येक वर्षांनी उघडकीला येतो. चाचांच्या माणसांनी पत्रे आधी पाण्यानं भिजवले, बोल्ट सोडवून अख्खे खाली आणले, प्लॅस्टिकमध्ये बांधले. घातक कचरा घेणाऱ्या परवानाधारकाकडं ते पाठवायला १४ हजार गेले. जतच्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंना सायकल शेडसाठी तेच पत्रे हवे होते. “चांगले आहेत की मॅडम, एकही फुटलेला नाही,” असं त्या फोनवर दोनदा म्हणाल्या. मला नाही म्हणताना वाईट वाटलं, पण ज्या शेडखाली मुलं दिवसभर येणार-जाणार तिथं मी ते देऊ शकत नव्हते. त्यांना राग आला असेल तर तो मी सोसला.

आता दान. जत तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेला आठ खिडक्या, चार दारं आणि सहाशे चौरस फूट शहाबादी फरशी द्यायचं ठरलं. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव त्यांच्याकडून घेतला, आमच्या मंडळाचा ठराव केला, प्रत्येक वस्तूचा फोटो, यादी, पोच, आणि त्यांच्या साठा नोंदवहीत नोंद. हे सगळं कागदावर असल्याशिवाय देऊ नका, देणारी संस्था आणि घेणारी शाळा, दोघांनाही लेखापरीक्षणात उत्तर द्यावं लागतं. एका सभासदांनी विचारलं की आयकरात ८०जी ची सवलत मिळेल का. मिळत नाही. ती पैशाच्या देणगीला आहे, वस्तूरूपानं दिलेल्या दानाला नाही. तेव्हा त्या आशेनं कुणी हे करू नये.

पहिली गाडी गेली आणि तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका बाईंचा फोन. “मॅडम, खिडक्या फार सुंदर आहेत. पण एकाही खिडकीला बिजागऱ्या नाहीत, खिट्ट्या नाहीत. सुतार म्हणतो आठही खिडक्यांना नवीन घ्या.” मी लगेच वखारीवर गेले. झालं होतं असं की पोरांनी पितळेचं सगळं सामान सवयीनं काढून वेगळ्या पोत्यात टाकलं होतं, विकायच्या मालाबरोबर. चोरी नव्हती, पोतं तिथंच होतं, यादीत वजनही लिहिलेलं होतं. पण आमची खिडकी शाळेत पोचली ती भिंतीला लावता न येणारी. ज्या शाळेला खिडकी घ्यायला पैसे नाहीत ती बिजागऱ्यांना कुठून आणणार? असं दान म्हणजे आपली अडगळ दुसऱ्याच्या अंगणात नेऊन टाकणं, आणि तेच आपण केलं, असं मला त्या क्षणी वाटलं. मी चाचांना तसं बोलले. ते गप्प झाले. त्यांनी पोतं जमिनीवर पालथं केलं आणि आम्ही दोघं, मामा आणि एक पोरगा, संध्याकाळपर्यंत जोड्या लावत बसलो. प्रत्येक बिजागरीची आपल्या चौकटीवर एक सावली उरलेली असते, रंग न लागलेली. तिच्या मापानं जुळवायचं. सात खिडक्यांच्या जोड्या पुऱ्या झाल्या. आठवीच्या बिजागऱ्या मिळाल्या, खिट्ट्या काही केल्या मिळाल्या नाहीत. दोन दिवसांनी चाचांनी स्वतःच्या खर्चानं सुताराला ते सामान घेऊन जतला पाठवलं आणि तो सगळ्या खिडक्या बसवून रात्रीच्या एसटीनं परत आला. चूक त्यांचीच होती, पण ती ज्या रीतीनं निस्तरली त्यामुळे मी हा अनुभव लिहायला बसले.

कौलं आणि दारांचा उरलेला भाग तीन घरकुलांना गेला. घरकुलाच्या अनुदानात भिंती आणि छत होईपर्यंत पैसे संपतात आणि दाराला गोणपाट लागतं, हे मी कर्जाच्या निमित्तानं कित्येक घरांत पाहिलंय. त्यातल्या एका घरी मी नंतर गेले. आमच्या लेखा विभागाचं दार त्यांच्या स्वयंपाकघराला लावलंय. आतल्या बाजूला ‘धूम्रपान करू नये’ तसंच आहे, आणि त्या घरच्या आज्जींनी त्याच्याखाली हळदी-कुंकवाची बोटं ओढलीत. त्यांना दोन कौलं कमी पडली होती, तीही पाठवली.

तक्रारींपैकी तीन महत्त्वाच्या आहेत आणि त्या लपवणार नाही. २४ दिवसांचे ३१ झाले. शिवाय मध्ये तीन दिवस गावाकडच्या यात्रेला माणसं गेली, ते आधी सांगायला हवं होतं. दुसरी, शहाबादी फरशी. पहिल्या फेरीत पोरांनी फरश्या छोट्या हत्ती टेंपोत आडव्या एकावर एक रचल्या. वाटेतल्या खड्ड्यांनी तळच्या चाळीसेक फुटल्या. फरशी नेहमी उभी, कडेवर ठेवून, मध्ये पेंढा घालून न्यायची असते, हे चाचांना माहीत होतं, पोरांना कुणी सांगितलं नव्हतं. तिसरी लाकडाच्या मापाची. मोजणी झाल्यावर चाचांनी “खिळ्याची तूट” म्हणून पाच टक्के वजा करायला सुरुवात केली. वखारींचा हा जुना रिवाज असेलही, पण आमच्या करारात नव्हता. मी नाही म्हटलं. अर्धा तास वाद झाला, चहा झाला, आणि शेवटी जिथं प्रत्यक्ष खिळ्यानं लाकूड फाटलं होतं तेवढंच वजा झालं. तुम्ही गेलात तर तूट धरणार की नाही, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या. पावत्यांचंही तसंच. सुरुवातीला सुट्या चिठोऱ्यांवर आकडे यायचे. संस्थेला ते चालत नाही म्हटल्यावर छापील पावतीपुस्तक आणलं.

धुळीचंही सांगते. शेजारी हळदीची पेढी आहे. तिसऱ्या दिवशी पेढीचे मालक हात जोडून आले, पोत्यांवर चुन्याचा थर बसत होता. हिरवी जाळी आणि पाण्याचा फवारा सुरुवातीपासून असायला हवा, चौथ्या दिवशी आला. त्यांच्या नुकसानीबद्दल मी आणि चाचा दोघंही जाऊन बोललो. भल्या माणसानं विषय वाढवला नाही.

राडारोड्याबद्दल एक नियम सांगून ठेवते. आमच्या कामाच्या वेळी बांधकाम आणि पाडकाम कचऱ्याचे २०१६ चे नियम होते. दिवसाला २० टनांपेक्षा किंवा एका कामात महिन्याला ३०० टनांपेक्षा जास्त कचरा निघणार असेल तर काँक्रीट, माती, लोखंड, लाकूड-प्लॅस्टिक, विटा असं वेगवेगळं करून द्यावं लागायचं आणि आधी आराखडा मंजूर करून घ्यावा लागायचा. आमची इमारत त्या मर्यादेच्या खाली होती. तरी वेगवेगळं केल्यामुळे ट्रॅक्टरच्या खेपा पुष्कळ कमी झाल्या. नदीकाठी किंवा ओढ्यात रात्रीत ट्रॉली ओतणारे आपल्याकडं कमी नाहीत. दर पावसाळ्याला ज्या शहराचं लक्ष कृष्णेच्या पाण्याकडं लागलेलं असतं, त्या शहरानं ओढे बुजवायचे, हे मला बघवत नाही. प्रत्येक खेप कुठल्या भरावाला गेली याची चिठ्ठी मी ट्रॅक्टरवाल्याकडून घेतली.

कुणी या वखारीकडं जावं? इमारत जुनी, चुन्यातली, लाकडाची असेल तर डोळे झाकून जा. सगळं आरसीसी असेल तर भिंती उतरवून हाती काही लागत नाही, पण ब्रेकर लागायच्या आधी दारं, खिडक्या, ग्रील, पंखे, बेसिन, कपाटं काढून घ्यायला चाचा दोन-तीन दिवसांत माणसं देतात. काम दिवाळीनंतर सुरू करा, मे पर्यंत संपलं पाहिजे. उघड्या चुन्याच्या भिंतीवर वळवाचा पाऊस पडला तर सगळंच अवघड होऊन बसतं. माझ्याकडून पाचपैकी चार. एक गेला तो फरशी आणि मापापायी.

अमावस्येला वखार बंद असते. इतर दिवशी सकाळी नऊच्या आत जा, नंतर चाचा कुठल्यातरी साइटवर असतात.

पुराच्या खुणांचा खांब आम्ही विकला नाही. खालचा कुजलेला दोन फूट भाग कापून टाकला, खुणा शाबूत आहेत. नवीन इमारतीच्या दारात तो उभा करायचा ठराव झालाय, पण ती बांधून होईपर्यंत ठेवायला जागा नव्हती. चाचांनी तो वखारीत मागच्या बाजूला विटांवर आडवा ठेवलाय, भाडं घेत नाहीत, आणि जवसाच्या तेलाचा एक हात देऊन झालाय. दुसरा द्यायला मी रविवारी जाणार आहे. जाताना जुन्या खिट्ट्यांचं ते पोतं परत एकदा बघायचंय, आठव्या खिडकीच्या दोन राहिल्यात.